भाजलेला केक, पेटलेली शेगडी आणि ठिणगी टाकणारं द्राक्ष: गमतीच्या प्रयोगांनी सुरुवातीचं इंटरनेट कसं गाजवलं?

दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास इग नोबेल पुरस्कार जाहीर होतात आणि दोन-चार दिवस वर्तमानपत्रांत विचित्र संशोधनांच्या बातम्या झळकतात. आधी हसू यावं आणि मग डोकं खाजवावं असं संशोधन निवडायचं, हा त्या पुरस्कारांचा १९९१ पासूनचा शिरस्ता. आज असली बातमी तासाभरात मोबाईलवरून जगभर फिरते, त्यात नवल नाही. नवल १९९५ चं आहे. गूगल १९९८ मध्ये स्थापन झालं, यूट्यूब २००५ मध्ये आलं, व्हॉट्सॲप तर त्याही नंतर. तरीही अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांनी क्रीम भरलेल्या केकवर केलेले प्रयोग देशोदेशीच्या लोकांना माहीत झाले होते. हे घडलं कसं, आणि नेमके असलेच प्रयोग का गाजले? उत्तर थोडं तंत्रात आहे, थोडं विज्ञानात, आणि बरंचसं लिहिण्याच्या पद्धतीत.

तेव्हाचं वेब केवढं होतं?

वेबसाइट म्हणजे कुठल्या तरी संगणकावर ठेवलेल्या फायली. मागेल त्याला त्या पाठवणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारा शब्द किंवा चित्र म्हणजे लिंक. एवढे तीन शब्द पुरे.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या एका मोजणीनुसार जून १९९३ मध्ये जगात सुमारे १३० वेबसाइट होत्या. डिसेंबर १९९४ मध्ये त्या दहा हजारांवर गेल्या आणि जानेवारी १९९६ पर्यंत एक लाखाच्या घरात. १९९३ मध्ये मोझेक नावाचा ब्राउझर आला आणि मजकुराच्या मधोमध चित्र दिसू लागलं. त्याआधी चित्र वेगळं उघडावं लागे. गमतीच्या प्रयोगांना या एका सोयीने मोठा हात दिला, कारण "केक असा झाला" असं लिहिलं की लगेच खाली तो केक दाखवता येऊ लागला.

वेग मात्र बेताचा. घरगुती मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणकाला इंटरनेट जोडणारं यंत्र, सेकंदाला १४,४०० बिट्स आणत असे, म्हणजे प्रत्यक्षात दीड-पावणेदोन किलोबाइट. ३० किलोबाइटचा एक फोटो उतरायला वीसेक सेकंद लागत. पाच मेगाबाइटची चित्रफीत आणायची तर पाऊण-एक तास फोन अडकून पडायचा, आणि तेवढ्यात घरातल्या कुणी दुसरा फोन उचलला की सगळं मुसळ केरात. त्यामुळे ज्या मजकुरात चार-सहा छोटे फोटो आणि नेमकं लिहिलेलं वर्णन पुरेसं होतं, तोच टिकला. वैज्ञानिक प्रयोगाची नोंद या साच्यात अगदी चपखल बसते.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मुंबईत जोडणी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना जे स्वस्त खातं मिळे, त्यात चित्रं दिसतच नसत. पडद्यावर फक्त मजकूर. अशा वाचकासाठी चित्राच्या जागी काय लिहिलंय, हे फार महत्त्वाचं होतं. चांगली पानं प्रत्येक फोटोला एक वाक्याचं वर्णन जोडत आणि चित्र न दिसणाऱ्यालाही प्रयोग समजे. ज्यांनी हा कंटाळा केला, त्यांच्या पानावर "चित्र, चित्र, चित्र" एवढंच वाचायला मिळे.

ही पानं कॉलेजमधूनच का येत?

कारण चोवीस तास चालू असलेला सर्व्हर आणि फुकटची जोडणी फक्त विद्यापीठांकडे होती. विद्यार्थ्याला युनिक्स या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकावर खातं मिळे. त्यात ठरावीक नावाचा एक फोल्डर केला आणि आत फायली टाकल्या की त्या जगाला दिसत. पत्त्यात विद्यापीठाचं नाव, त्यापुढे एक नागमोडी चिन्ह आणि विद्यार्थ्याचं नाव. जुने पत्ते पाहिले तर ते चिन्ह हटकून सापडेल.

पान चढवताना चुका ठरलेल्या होत्या. फोल्डरला सगळ्यांसाठी वाचण्याची परवानगी द्यायला विसरलं की पाहुण्याला "मनाई आहे" असा संदेश दिसे. मालकाला मात्र आपल्या संगणकावर सगळं ठीक दिसायचं, म्हणून चूक कळायलाच दिवस जात. दुसरी चूक फाइलच्या नावाची. विंडोजला लहान आणि मोठी अक्षरं सारखीच, युनिक्सला वेगळी. कॅमेऱ्याने मोठ्या अक्षरांत दिलेलं नाव पानात लहान अक्षरांत लिहिलं की चित्राच्या जागी तुटकी चौकट. तिसरी चूक चित्राची लांबी-रुंदी न लिहिण्याची. ती आधी सांगितली तर ब्राउझर जागा राखून मजकूर लगेच मांडतो. नाही सांगितली तर प्रत्येक चित्र येईल तसा मजकूर उड्या मारतो आणि वाचणारा वैतागून निघून जातो. ज्यांनी या तीन गोष्टी सांभाळल्या त्यांचं पान मंद मोडेमवरही वाचता येई. लोकप्रियतेच्या गप्पांत ही बाजू सहसा निसटते.

कॉफीचं भांडं बघायला लाखो लोक

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एकच यंत्र होतं. वरच्या मजल्यावरून उतरून यावं तर भांडं रिकामं. १९९१ मध्ये तिथल्या संशोधकांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं १२८ बाय १२८ ठिपक्यांचं कृष्णधवल चित्र आपापल्या पडद्यावर दिसेल अशी सोय केली. चित्र मिनिटाला तीनेक वेळा बदलायचं. कॉफी काही सेकंदाला बदलत नाही, त्यामुळे तेवढं पुरेसं होतं. नोव्हेंबर १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि ज्यांना ती कॉफी कधीच प्यायची नव्हती, असे लाखो लोक ते पाहू लागले.

का? त्या काळात वेबवरची बाकीची पानं स्थिर होती. लिहून ठेवलेलं वाचायचं, एवढंच. हे पान मात्र "आत्ता, या क्षणी" काय आहे ते सांगत होतं. नव्या माणसाला इंटरनेट म्हणजे काय ते दाखवायचं तर यापेक्षा सोपा दाखला नव्हता: हजारो मैलांवर कॉफी संपत आली आहे आणि मी ती इथून पाहतोय. २२ ऑगस्ट २००१ ला कॅमेरा बंद झाला. ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं आणि जर्मनीच्या श्पीगेल ऑनलाइन या बातम्यांच्या साइटने ते विकत घेतलं. आज ज्याला वेबकॅम म्हणतात त्याची सुरुवात इथली.

केकवरचे प्रयोग: हसू कुठून येतं?

ट्विंकी हा अमेरिकेतला क्रीम भरलेला, पाकिटबंद स्पंज केक. तो वर्षानुवर्षं खराब होत नाही, अशी तिकडे दंतकथा. प्रत्यक्षात काही आठवड्यांतच तो खाण्यायोग्य राहत नाही. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात १९९५ च्या अखेरीस, सत्रपरीक्षेच्या दिवसांत, दोन विद्यार्थ्यांनी या केकचे "गुणधर्म" तपासायला घेतले. उंचावरून टाकून पाहिला, पाण्यात ठेवून विरघळतो का पाहिला, मायक्रोवेव्हमध्ये तापवला, विजेला किती रोध करतो ते मोजलं, पेटवून पाहिला. शेवटी ट्युरिंग चाचणीही घेतली. समोर माणूस आहे की यंत्र, हे प्रश्नोत्तरांवरून ओळखायची ती कसोटी. केक काही बोलला नाही.

हा सगळा मजकूर आपल्या शाळेतल्या प्रयोगवहीच्या क्रमाने लिहिलेला आहे: उद्देश, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. लेखक कुठेही डोळा मारत नाहीत. विषय फुटकळ आणि पद्धत काटेकोर, या विजोडपणात सगळा विनोद. हसवण्यासाठी वेगळे शब्द त्यांना वापरावेच लागले नाहीत.

पण मला यातली शिस्त विनोदापेक्षा मोलाची वाटते. प्रत्येक चाचणीत केकचं आधी काय होतं आणि नंतर काय झालं याची नोंद आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलली आहे, आणि वाचणाऱ्याला घरी तोच प्रयोग करता येईल इतकी कृती दिली आहे. आठवीतल्या मुलाला "नियंत्रित प्रयोग" ही कल्पना समजावायची तर पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा असलं पान जास्त उपयोगी पडतं. मूल आपणहून विचारतं की पाण्यात ठेवलेल्या केकशेजारी कोरडा केकही ठेवायला नको का. तो प्रश्न पडला म्हणजे नियंत्रण त्याला समजलं.

तीन सेकंदांत पेटलेली शेगडी

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले अभियंते जॉर्ज गोबल यांनी कोळशाची शेगडी झटपट पेटवायचा छंद लावून घेतला. वारा घालणं, नळीने फुंकणं, शुद्ध ऑक्सिजन सोडणं असं करत करत ते द्रवरूप ऑक्सिजनपर्यंत पोचले. त्याची छायाचित्रं आणि छोटी चित्रफीत वेबवर आली, अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी ती उचलली आणि १९९६ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं. नोंदलेली वेळ: तीन सेकंद.

यातलं विज्ञान सरळ आहे. हवेत ऑक्सिजन फक्त २१ टक्के असतो. बाकीचा बहुतेक नायट्रोजन जळायला मदत तर करत नाहीच, उलट उष्णता घेऊन निघून जातो. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि त्याच्या एका लिटरपासून साधारण ८६० लिटर वायू होतो. गोबल यांनी सुमारे ६० पौंड, म्हणजे २७ किलो कोळशावर तीन गॅलन, म्हणजे ११ लिटरच्या आसपास द्रव ओतला. हिशेब केला तर साडेनऊ हजार लिटर ऑक्सिजन होतो. तेवढा ऑक्सिजन पुरवायला ४५ हजार लिटर हवा फुंकावी लागली असती.

धोका कुठे आहे, तेही नीट समजून घ्यायला हवं. शेगडीत आधी कुठे तरी निखारा हवा. पेट न घेतलेल्या कोळशावर हा द्रव ओतला आणि तो आत मुरला, तर तो कोळसा इंधन राहत नाही, स्फोटक होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाणींत अशीच द्रवरूप ऑक्सिजनमध्ये भिजवलेली काजळीची कांडी सुरुंग म्हणून वापरत. शिवाय शुद्ध ऑक्सिजनमध्ये लोखंडही जळतं, त्यामुळे पातळ पत्र्याची शेगडी कोळशाबरोबरच जाते. कपड्यांवर वाफ बसली असेल तर काही वेळाने आगीजवळ गेल्यावरही कपडे पेटू शकतात. गोबल यांनी लांब दांड्याला बादली लावून दुरून ओतलं होतं, ते उगाच नाही. हा प्रयोग घरी करायचा नाहीच. वेल्डिंगच्या सिलिंडरमधल्या वायूने "छोटा" करून बघायचाही नाही.

द्राक्षातली ठिणगी आणि पंचवीसेक वर्षांनी मिळालेलं उत्तर

नव्वदीच्या दशकात वेबवर फिरणारा आणखी एक प्रयोग म्हणजे मायक्रोवेव्हमधलं द्राक्ष. द्राक्ष मधोमध जवळजवळ पूर्ण कापायचं, दोन्ही अर्धे सालीच्या पट्टीने जोडलेले ठेवायचे आणि मायक्रोवेव्ह सुरू करायचा. काही सेकंदांत सांध्यावर ठिणगी उडते आणि पिवळसर ज्योत वर उठते. ती ज्योत म्हणजे प्लाझ्मा, अर्थात इतका तापलेला वायू की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात.

त्या वेळी सगळीकडे दिलं जाणारं स्पष्टीकरण असं: दोन अर्धे म्हणजे अँटेना, त्यांच्यात वीज वाहते, सालीची बारीक पट्टी सुकून जळते आणि ठिणगी पडते. ऐकायला पटतं, म्हणून कुणी फारसं तपासलं नाही. २०१९ मध्ये कॅनडातल्या ट्रेंट आणि कॉनकॉर्डिया विद्यापीठांच्या संशोधकांनी उष्णता दाखवणारा कॅमेरा आणि संगणकीय गणितं घेऊन हाच प्रयोग पुन्हा केला. सालीची पट्टी लागतच नाही, हे त्यांनी दाखवलं. दोन अख्खी द्राक्षं एकमेकांना टेकवली तरी ठिणगी पडते. पाण्याने फुगवलेले जेलचे मणी ठेवले तरी टेकल्या जागी तोच तापलेला ठिपका दिसतो.

मग खरं कारण काय? घरगुती मायक्रोवेव्हच्या लहरींची लांबी हवेत साधारण १२ सेंटिमीटर असते. पाण्यात त्याच लहरी आखडून दीडेक सेंटिमीटरच्या होतात. द्राक्ष म्हणजे मुख्यतः पाणी, आणि त्याचा आकारही तेवढाच. त्यामुळे लहर द्राक्षात अडकून आतल्या आत घुमत राहते. एकट्या द्राक्षात जोर मध्यभागी असतो. दोन द्राक्षं टेकली की तो जोर सांध्यावर येऊन एका बारीक जागेत एकवटतो. तिथलं पाणी आणि साल तापून त्यातले सोडियम व पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बाहेर पडतात आणि प्लाझ्मा पेटतो. ज्योतीचा पिवळा रंग सोडियमचा. चुलीवर मीठ उडालं की दिसतो तोच.

आता नाशिकचं द्राक्ष हाताशी असताना हे करून बघायचा मोह कुणालाही होईल. पण ओव्हनमध्ये द्राक्षाएवढंच पाणी असलं की बाकीची ऊर्जा शोषायला काही नसतं. ती परतून लहरी निर्माण करणाऱ्या भागाकडे जाते आणि तो भाग खराब होतो. वर चढलेला प्लाझ्मा ओव्हनच्या छताचा रंग जाळतो, आणि बाजूच्या भिंतीतला अभ्रकाचा पातळ तुकडा एकदा करपला की पुढे साध्या स्वयंपाकातही तिथे ठिणग्या उडत राहतात. प्रयोगशाळेतल्या लोकांचेही ओव्हन यात गेलेत. चित्रफिती भरपूर आहेत, त्याच पाहाव्या.

पण हे सगळ्यांना कळलं कसं?

शोधयंत्रं तेव्हा बाल्यावस्थेत होती. अनोळखी गावात पाटी नसलेलं घर शोधताना माणूस पारावर बसलेल्यांना विचारतो, तसंच वेबवर चालायचं. पारावरची माणसं म्हणजे याद्या करणारे लोक. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी सुरू केलेली, पुढे याहू झालेली यादी हातांनी बनत होती. कुणी पत्ता कळवला की माणूस ते पान उघडून बघे आणि योग्य विभागात टाके. ऑगस्ट १९९४ मध्ये ग्लेन डेव्हिस यांनी "आजची भन्नाट साइट" या धर्तीवर रोज एकच पत्ता सुचवायला सुरुवात केली.

आता त्या यादीवाल्याच्या जागी बसून बघा. समोर रोज डझनांनी पत्ते. त्यात बहुतेक पानांवर "माझ्या पानावर स्वागत, काम चालू आहे" एवढंच. अशात एक पान येतं, पूर्ण झालेलं, सुरुवात आणि शेवट असलेलं, पाच मिनिटांत वाचून होणारं, आणि ज्याचं वर्णन एका ओळीत करता येतं: "द्रवरूप ऑक्सिजनने शेगडी पेटवणारा माणूस." यादीत वर्णनाला जागा एका ओळीचीच. ज्या पानाचं सार त्या ओळीत मावतं ते लोक उघडतात. युझनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर आणि ई-मेलमध्येही हेच: सोबत पाठवायला एक ओळ आणि एक पत्ता.

यश मिळालं की अडचण सुरू होई. समजा पानाचं एकूण वजन ३०० किलोबाइट आहे. तेव्हाच्या विभागाला मिळणारी चांगली जोडणी सेकंदाला दीड मेगाबिट, म्हणजे १९० किलोबाइटच्या आसपास. म्हणजे सगळी तार एकट्या या पानाने खाल्ली तरी तासाला तेवीसशे माणसांपलीकडे ते पोचूच शकत नाही. मोठ्या यादीत नाव आल्यावर त्याहून जास्त लोक एकदम येत. सर्व्हर गुदमरे, प्राध्यापकांची ई-मेल अडे आणि संगणक विभागाचा फोन येई. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातल्या मित्राने तीच पानं आपल्या सर्व्हरवर उतरवून ठेवायची. त्याला मिरर म्हणत. एक अजाणता फायदाही व्हायचा: प्रत जितक्या ठिकाणी, तितक्या जास्त लिंक.

हे निव्वळ नशीब नव्हतं का?

काही अंशी होतं. ज्या पानाला आधीच लिंक आहेत, ते नव्या माणसाच्या नजरेला आधी पडतं, आणि तोही त्यालाच लिंक देतो. १९९९ मध्ये बाराबाशी आणि अल्बर्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की असं वाढणारं जाळं कायम असमानच राहतं: मोजक्या पानांकडे प्रचंड लिंक, बाकीच्यांकडे जवळपास काहीच नाही. लवकर आल्याचा फायदा पुढे वाढतच जातो. गूगलने लिंक म्हणजे शिफारस असं मानून पानांचा क्रम लावायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या गमतीच्या पानांकडे शिफारशींचा साठा आधीच जमलेला होता.

पण नशिबाने पहिली लिंक मिळते, पाचशेवी नाही. त्याच काळात सीडी मायक्रोवेव्हमध्ये घातल्याच्या फोटोंची पानं कितीतरी होती. सीडीवरचा ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर तडतडून सुंदर नक्षी उमटते खरी, पण त्याबरोबर प्लॅस्टिकचा विषारी धूर होतो, आणि त्या पानांवर फोटोपलीकडे बहुधा काही नसे. कृती नाही, कारण नाही, दुसरी चाचणी नाही. त्यातलं एकही नाव आज चटकन आठवत नाही. केकचं पान आठवतं.

याला विज्ञान म्हणायचं का?

नेदरलँड्समधल्या नायमेखन विद्यापीठाचा बेडूक हे याचं उत्तम उत्तर. १९९७ मध्ये आंद्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १६ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) चुंबकाच्या उभ्या नळीत जिवंत बेडूक अधांतरी तरंगवला. पाण्याला चुंबक किंचितसा दूर लोटतं. या गुणाला प्रतिचुंबकत्व म्हणतात. फ्रिजवरच्या चुंबकाने ते जाणवतही नाही. पण क्षेत्र हजारपटींहून जास्त मोठं असेल आणि उंचीबरोबर झपाट्याने कमी होत असेल, तर तो धक्का प्रत्येक रेणूच्या वजनाला तोलून धरतो. बेडूक मुख्यतः पाण्याचा. त्याला काही इजा झाली नाही. ती छोटीशी चित्रफीत त्या काळच्या वेबवर तुफान फिरली.

गाइम आणि गणिताची बाजू मांडणारे मायकेल बेरी यांना २००० मध्ये इग नोबेल मिळालं. २०१० मध्ये ग्राफीनवरच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरावरच्या कामासाठी गाइम यांना खरं नोबेल मिळालं. ग्राफीनची सुरुवातही ग्राफाइटवर चिकटपट्टी लावून थर सोलण्यापासून झाली. हाती आहे त्या वस्तूवर विचित्र प्रश्न टाकून बघायची ही एकच वृत्ती, बेडकातही आणि ग्राफीनमध्येही.

घरी करता येईल असं काही?

२००६ मध्ये दोन अमेरिकी कलाकारांनी डाएट कोक आणि मेंटॉसचे कारंजे उडवले. तोवर वेग वाढला होता, त्यामुळे यावेळी लिखाण मागे पडून चित्रफीतच गाजली. हा प्रयोग मोकळ्या जागेत निर्धोक आहे आणि त्यात शिकण्यासारखंही भरपूर आहे.

साहित्य: डाएट कोकची दोन लिटरची न उघडलेली बाटली, मेंटॉसच्या सहा-सात गोळ्या, जाड कागद, पोस्टकार्डचा तुकडा. कागदाची गोळीच्या मापाची नळी करून चिकटवा. बाटली सपाट जमिनीवर ठेवा आणि झाकण हळू उघडा. नळीत गोळ्या भरा, खालून कार्ड धरा, नळी तोंडावर सरळ ठेवा. कार्ड एका झटक्यात ओढा आणि मागे व्हा.

कारंजं दीड-दोन फुटांवरच थांबलं, तर कारण बहुतेक या तिघांपैकी एक असतं. गोळ्या एकेक करून पडल्या, तर पहिलीच फेस उडवते आणि बाकीच्या आत जातच नाहीत. बाटली फ्रिजमधली असेल तर थंड पाणी वायू घट्ट धरून ठेवतं, म्हणून ती खोलीच्या तापमानाला आणा. आणि गोळ्या फोडून टाकल्या असतील, तर चुरा वरच तरंगतो. अख्खी गोळी सरळ तळाशी जाते, तिथून निघालेले बुडबुडे वरचा सगळा द्रव ढकलत येतात. म्हणून अख्खीच टाकायची.

इथे रासायनिक अभिक्रिया होते, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. अमेरिकेतल्या ॲपलेशियन स्टेट विद्यापीठात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारंज्याआधी आणि नंतर आम्लता मोजली, ती बदललेली नव्हती. दोन लिटरच्या बाटलीत विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तर सात-आठ लिटर भरतो. त्याला बाहेर पडायला फक्त सुरुवातीची जागा हवी असते. गोळीच्या खडबडीत पृष्ठभागावर अशा असंख्य बारीक जागा असतात. डाएट कोकमधल्या ॲस्पार्टेम (साखरेऐवजी घातलेला गोड पदार्थ) आणि बेंझोएट (टिकवण्यासाठी घातलेला पदार्थ) यांच्यामुळे द्रवाचा पृष्ठताण कमी होतो, म्हणून बुडबुडे सहज बनतात. साध्या कोकचं कारंजंही उडतं, पण साखरेमुळे सगळं चिकट होतं आणि मुंग्या लागतात.

मुलांना एवढं सांगा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आज फक्त तापमान, उद्या फक्त गोळ्यांची संख्या. भिंतीवर खडूने दर फुटाला रेघ मारा आणि मोबाईलवर हळू वेगाने चित्रण करा, म्हणजे उंची नेमकी वाचता येते. एकाच परिस्थितीत तीनदा करून सरासरी घ्या, कारण कार्ड ओढताना होणाऱ्या उशिरामुळेच फूट-दीड फूट फरक पडतो.

ती जुनी पानं आज सापडतील?

बरीच. विद्यार्थी पदवी घेऊन गेला की खातं बंद होई आणि नागमोडी चिन्हाचा पत्ता मरे. पण इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबची पानं साठवते आहे, आणि २००१ पासून वेबॅक मशीन या नावाने ती सगळ्यांना पाहता येतात. जुना पत्ता जसाच्या तसा तिथे टाका. वर्षांची पट्टी दिसेल, त्यातल्या शक्य तितक्या जुन्या तारखेवर जा. मजकूर दिसला पण चित्रं तुटकी आली तर नाराज होऊ नका. चित्रं वेगळ्या दिवशी साठवली गेलेली असतात. त्याच पानाची दोन-चार महिने पुढची किंवा मागची प्रत उघडून पाहा. तरीही नाही आलं, तर पानाच्या तळाशी मिररचे पत्ते दिलेले असतात का ते बघा आणि तेच इथे टाका.